मेहरुनबाई उशीला हात लावायच्या

मेहरुनबाई पहिल्या दिवशी आमच्याकडे आल्या तेव्हा आठाला दोन मिनिटं कमी होती. चपला दाराबाहेर काढल्या, बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले आणि मला नाव-गाव काही न सांगता सरळ आतल्या खोलीत जाऊन ह्यांच्या डोक्याखालच्या उशीवर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग तो हात ओढणीला पुसला. उशी ठणठणीत कोरडी होती, तरी पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, त्या ब्युरोतून आल्यात, नाव मेहरुन.

मी मनात म्हटलं, झालं, ही एक नवीनच तऱ्हा.

हे म्हणजे माझे यजमान, माधव. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, वय बहात्तर, आणि चूक दाखवायची संधी आयुष्यात कधी सोडलेली नाही. ह्यांच्या उजव्या कानामागे, मेंदूच्या आवरणावर गाठ निघाली. साधी होती, कॅन्सरची नव्हती, पण लिंबाएवढी होती आणि चालताना ह्यांचा तोल जायला लागला होता. ऑपरेशन व्यवस्थित झालं. नवव्या दिवशी बिबवेवाडीला घरी आलो. लेक केदार वाघोलीला राहतो, ऑफिस खराडीला, तिथून रोज येणं काही शक्य नव्हतं. त्याने परस्पर ब्युरोला फोन करून दिवसभराची बाई ठरवली आणि मला म्हणाला, "आई, तुला एकटीला झेपणार नाही." खरं होतं. म्हणूनच मला राग आला.

बाई घोरपडे पेठेतून दोन बस बदलून यायच्या. पन्नाशीच्या, बारीक, बोलणं कमी. नवरा नियाज पुठ्ठा-बांधणी करायचा, शाळा-कॉलेजांच्या वह्या-पुस्तकांची. तो गेला तेव्हा लेक सुहाना सातवीत. मग ह्या एका हॉस्पिटलात आया म्हणून लागल्या आणि डोक्याच्या आणि मणक्याच्या वॉर्डात अकरा वर्षं काढली. तिथल्या जुन्या सिस्टरने हाताला धरून शिकवलं. मणक्याचा पेशंट कुशीवर वळवायचा तर खांदा आणि कंबर एकदमच फिरली पाहिजे, अंगाला पीळ पडता कामा नये, हे त्या सिस्टरने बाईंना स्वतः खाटेवर झोपून दाखवलं होतं म्हणे. हे सगळं मला पहिल्या आठवड्यात तुकड्यातुकड्याने कळलं, भाजी निवडताना.

कामाला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती, आणि मी जागा शोधत होते. खाटेची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच केली. तासातासाला ह्यांना पावलं वर-खाली करायला लावायच्या, पोटऱ्यांमध्ये रक्त साकळू नये म्हणून. टाक्यांची जागा रोज उजेडात बघायच्या. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, नाक शिंकरायचं नाही, संडासला जोर करायचा नाही. रोज सकाळी विचारायच्या, काका, आज वार कोणता? हे म्हणायचे, "काल बुधवार होता. आज कोणता ते तुम्ही काढा." बाई न हसता म्हणायच्या, ठीक आहे, डोकं चालतंय.

हे सगळं डिस्चार्जच्या कागदावरही लिहिलं होतं. तो कागद मी पंच करून फाइलला लावून ठेवला होता. वाचला नव्हता.

आमचं वाजलं ते पंच्यावरून. बाईंनी जुना, मऊ, पांढरा कपडा मागितला. मी ह्यांचा एक जुना पंचा दिला, तर त्यांनी त्याचे चार तुकडे केले आणि एक अभ्र्यावर पसरला. वर मला बजावलं की हा पंचा त्या आल्याशिवाय कुणी काढायचा नाही, आणि धुवायचा तर नाहीच. म्हणजे माझ्या घरात, माझ्या उशीवरचा कपडा मी धुवायचा नाही. मी विचारलं, का हो, काही नवस आहे का? त्यांनी शांतपणे सांगितलं की ह्या ऑपरेशननंतर कधीकधी मेंदूभोवतीचं पाणी वाट काढतं. टाक्यांतून येतं, नाहीतर नाकातून येतं. दिसायला साधं पाणी. रंगीत अभ्र्यावर कळत नाही, पांढऱ्यावर वाळलं की कडा दिसते. जिथून पाणी बाहेर येतं तिथूनच जंतू आत जातात. "उशी ओली दिसली, नाकातून पाणी आलं, घशात खारट लागलं, तर मला त्या क्षणी सांगायचं. लगेच हॉस्पिटल." हे त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

ह्यांना मात्र हॉस्पिटल हा शब्द काढलेला चालत नव्हता. ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री आयसीयूत ह्यांना भ्रम झाला होता. सलाइनची सुई उपटली, नळ्या ओढायला लागले, तेव्हा तिथल्या लोकांनी ह्यांचे दोन्ही हात बँडेजने खाटेच्या कठड्याला बांधले. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ह्यांना त्यातलं सगळं आठवत होतं. घरी आल्यावर झोपेतून उठले की आधी मनगटं बघायचे. जन्मभर ज्या माणसाच्या नाकावर माशी बसली नाही, तो माणूस मला म्हणाला, "आनंदी, मी पाणी मागत होतो आणि माझे हात बांधलेले होते." मला बघवत नव्हतं.

घरी आल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी सहाला चहा घेऊन गेले तर पंचा ओला. डाव्या गालाखाली, तळहाताएवढा. मी म्हटलं घाम असेल. हे जागे होते. म्हणाले नाकातून पाणी येतंय, सर्दी आहे. मग माझं मनगट धरलं. "त्या बाईला सांगू नकोस. मला परत तिथे न्यायचं नाही."

आता ह्यावर कुठल्याही शहाण्या बाईने काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी काय केलं ते सांगते. मी तो पंचा काढला, बाथरूममध्ये नेऊन साबणाने चोळला, पिळला आणि इस्त्री लावून वाळवला. पावणेआठला पुन्हा उशीवर घातला. आठाला मेहरुनबाई आल्या, हात ठेवला, पुसला, आणि पावलं वर-खाली सुरू झाली. मला सुटल्यासारखं वाटलं, ते कशातून कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला. पुन्हा साबण, पुन्हा इस्त्री. दिवसभर हे नाक ओढत होते आणि बाई खोलीत आल्या की भिंतीकडे तोंड करत होते. दुपारी डोकं दुखतंय म्हणाले. मी पडदा ओढला. रात्री अंग कोमट लागलं. मी गोळी दिली आणि थर्मामीटर कपाटातून काढलाच नाही. काढला असता तर आकडा दिसला असता. रात्री पडल्यापडल्या मी ह्यांचा श्वास मोजत होते आणि स्वतःला समजावत होते की सर्दीच आहे, पुण्यात सगळ्यांनाच सर्दी आहे. चाळीस वर्षं कपड्यावर डाग सहन न करणारी मी, त्या पाण्याची कडा दिसू नये म्हणून कपडा धूत होते. भीतीने माणूस काय काय करतो.

तिसऱ्या दिवशी बाईंना बस लवकर मिळाली. सात-चाळीसला बेल वाजली. मी धावतपळत पंचा उशीवर टाकला आणि दार उघडलं.

त्यांनी हात धुतले. आत गेल्या. उशीवर हात ठेवला. ह्या वेळी हात उचललाही नाही आणि पुसलाही नाही. मी दारात उभी होते. मी स्वयंपाकघराकडे वळले, तर त्या माझ्यामागून आल्या.

"काकू, पंचा गरम आहे."

"इस्त्री केली," मी म्हटलं. "आमच्याकडे करतात."

"ओला होता?"

"नाही."

त्यांच्या डोळ्यात बघून म्हटलं. शाळेच्या ऑफिसात होते मी, समोरच्याला एका शब्दात वाटेला लावायची सवय आहे. बहुतेक लोक त्या एका शब्दाने जातात. ह्या गेल्या नाहीत. त्या तिथेच फरशीवर बसल्या, भिंतीला पाठ टेकून, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

चार वर्षांपूर्वी त्यांच्याकडे पेशंट म्हणून एक मुलगी होती. दीपमाला. एकोणतीस वर्षांची, बालवाडीत शिकवायची. गाठ हीच, जागा हीच. घरी फक्त आई. त्या वेळी बाई रात्रीही तिथेच राहायच्या. रोज पहाटे मुलीची उशी ओली असायची. बाईंना वाटलं लाळ असेल, औषधांनी घाम येत असेल. अकरा वर्षं वॉर्डात काढली, पण वॉर्डात उशा बघायचं काम सिस्टरचं, आयाचं काम चादरी बदलायचं. मुलगी लाजत होती. म्हणून तिची आई उठायच्या आत ह्या अभ्रा बदलायच्या, धुवायच्या आणि गॅलरीत वाळत घालायच्या. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी ताप भरला. सातव्या दिवशी तिने आईला ओळखलं नाही. नवव्या दिवशी ती गेली. मेंदूज्वर म्हणाले.

"डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, कुठून पाणी येत होतं का, उशी ओली असायची का. तिची आई म्हणाली, नाही हो, माझ्या मुलीची उशी कायम कोरडी. मी दारात उभी होते, काकू. मला तेव्हाच कळलं. मी बोलले नाही."

मी गॅस बंद केला. दूध उतू गेलं होतं ते मला दिसत होतं, पण पुसायला हात उचलत नव्हता.

त्या पुढे म्हणाल्या की तेराव्याला त्या गेल्या होत्या, तेव्हा त्या आईने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, तू माझ्या लेकीला रोज स्वच्छ, कोरड्या उशीवर झोपवलंस. अजून ती बाई ईदला न चुकता फोन करते. मेहरुनबाई फोन उचलतात, दुवा घेतात आणि मग दोन दिवस जेवत नाहीत. सकाळी बसमध्ये कधीकधी त्यांचा उजवा तळहात ओला झाल्यासारखा वाटतो. बघतात तर कोरडा असतो. तरी पुसतात.

"आता परत विचारते," त्या म्हणाल्या. "पंचा ओला होता?"

"तीन दिवस," मी म्हटलं. "आणि काल रात्री ताप."

मला वाटलं होतं त्या मला बोल लावतील. मी त्यांच्या जागी असते तर सोडलं नसतं. त्या फक्त उठल्या, केदारला फोन लावला, फाइलवरचा डॉक्टरांचा नंबर काढला आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मग आत गेल्या. ह्यांना कुशीवरून उठवून खाटेच्या कडेला बसवलं. बसल्याबसल्या ह्यांच्या नाकातून एक थेंब गळला, मग दुसरा. बाईंनी खाली हात धरला होता. स्वच्छ पाणी, नळाचं असावं तसं. बाई त्या तळहाताकडे बघत राहिल्या. मला त्यांच्या खांद्याला हात लावावा लागला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकच शब्द उच्चारला, "घरभेदी." बेचाळीस वर्षांच्या संसारात हे मला पुष्कळ बोलले असतील, पण हा शब्द अजून माझ्या कानात आहे. मग जाणार नाही म्हणून कठडा धरून बसले. बाई समोर उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, तुमचे हात कुणी बांधणार नाही, मी तिथे बसते, मी धरून बसेन.

"लिहून देता का?" हे म्हणाले. ताप अंगात आणि तरी हे असं.

"देते," मेहरुनबाई म्हणाल्या. कॅलेंडरच्या मागच्या जुन्या पानावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं की काकांचे हात बांधू देणार नाही, आणि खाली सही केली. ह्यांनी ते वाचलं, घडी घालून लेंग्याच्या खिशात ठेवलं आणि उठले.

हॉस्पिटलात तपासणी झाली, पाणी मेंदूभोवतीचंच निघालं. जंतूंची नुकती सुरुवात होती. कंबरेत, मणक्यात बारीक नळी घातली, म्हणजे पाणी तिकडून निघेल आणि वरची फट आपोआप मिटेल. पाच दिवस ह्यांनी पडून राहायचं, डोकं किती उंच ठेवायचं तेही मोजून, आणि अँटिबायोटिक सलाइनमधून. मेहरुनबाई म्हटल्याप्रमाणे बसल्या. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, नातेवाइकांना थांबता येणार नाही. बाई म्हणाल्या, मी नातेवाईक नाही. दोघींची चांगलीच जुंपली असणार, पण शेवटी स्टूल मिळालं. दोन रात्री ह्यांना पुन्हा भ्रम झाला. बाईंनी दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले आणि ह्यांना टेलिफोन एक्स्चेंजांची नावं विचारत बसल्या. हात बांधले गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले. नळीतलं पाणी बघितलं, मान डोलावली आणि मला म्हणाले, "चांगलं लक्ष होतं तुमचं. वेळेत आणलंत. अजून दोन दिवस गेले असते तर बोलणं वेगळं झालं असतं." सगळे माझ्याकडे बघत होते. केदारने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हणायला हवं होतं की मी तीन दिवस धूत होते. मी मान हलवली. थँक्यूसुद्धा म्हटलं. मेहरुनबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली. त्यांना किती ओळखीचं वाटलं असेल ते, ह्या विचाराने मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

केदारला मी अजून सांगितलेलं नाही.

हे बरे झाले. सहावा आठवडा संपता संपता काठी घेऊन जिना उतरायला लागले. लिफ्ट बंद होती हे सांगायला नको. मग बाईंचं कामही संपत आलं. शेवटच्या दिवशी मी साबुदाण्याची खिचडी केली, त्यांना आवडायची म्हणून. हे खाली फेऱ्या मारायला गेले होते. आम्ही दोघी आतल्या खोलीत बसून चादरींच्या घड्या घालत होतो.

मला किती दिवस त्यांना काहीतरी द्यायचं होतं. साडी दिली असती तर त्यांनी घेतली असती आणि कुणाला तरी देऊन टाकली असती. म्हणून मी जे मनात जुळवून ठेवलं होतं ते बोलले. म्हटलं, मेहरुनबाई, तुमच्यामुळे माझा माणूस वाचला. त्या पोरीचं जे झालं ते झालं, पण त्याच्यापायी आज एक जीव तुम्ही परत आणलात. आता तिला सोडा. बोलताना मला बरंच वाटत होतं, खरं सांगायचं तर थोडं मोठेपणाचंही वाटत होतं.

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली, कडा जुळवल्या, चादर बाजूला ठेवली.

"काकू, मी चार वर्षं एका गोष्टीवर झोपत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मी सांगितलं असतं तरी ती गेलीच असती. आजार तसा होता, तिचं आयुष्य तेवढंच होतं. रोज असं म्हणून झोपायचे. आता काकांना बघितलं. मी डोळ्यांनी बघितलं ना. पाच दिवस पाठीत नळी, सलाइन, बस. तीन दिवसांनी आणलं तरी वाचले. ती चार दिवसांवर होती." त्यांनी पुढची चादर ओढून घेतली. "म्हणजे ती वाचली असती."

त्या रडल्या नाहीत. मला रडू आलं, तेही त्यांच्यासमोर, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

खालून आवाज आला. हे वॉचमनला झापत होते, लिफ्टच्या बोर्डावरचं शुद्धलेखन चुकलंय म्हणून. आवाज चांगला खणखणीत होता, अगदी पूर्वीसारखा, तीन मजले वर ऐकू येणारा. मेहरुनबाईंनी मान त्या बाजूला वळवली आणि ऐकत राहिल्या.

मी उठले आणि गॅलरीचं दार लावून घेतलं, त्यांना तो ऐकावा लागू नये म्हणून.